जडत्व असलेल्या स्वयंप्रेरित कणांना ‘तापमान’ असतं का?

कणाद:
माझं ठाम मत: स्वयंप्रेरित, म्हणजे ऊर्जा घेऊन स्वतःच पुढे सरकणाऱ्या कणांसाठी ‘तापमान’ हा शब्द वापरणं थांबवावं. जिवाणूंपुरतं खपून जात होतं, कारण पोहणं थांबलं की जिवाणू अणूच्या व्यासाएवढाही पुढे सरकत नाही. थरथरत्या पृष्ठभागावर पळणाऱ्या छोट्या यंत्रांचं तसं नाही. तोंड वळलं तरी वेग काही काळ जुन्याच दिशेला राहतो. 2019 मध्ये सुवेंदू मंडल, लीबशेन आणि ल्योवेन यांनी संगणकीय प्रतिरूपात दाखवलं की अशा कणांचे दाट आणि विरळ भाग वेगळे झाले की दाट भाग थंड असतो, विरळ भाग गरम. आणि हा फरक मिटत नाही! मग संपर्कातल्या वस्तूंचं तापमान शेवटी सारखं होतं, या ऊष्मागतिकीच्या शून्याव्या नियमाचं काय उरलं?

मृदुला:
नियम शाबूत आहे. तो समतोलासाठी आहे आणि इथे समतोल नाहीच. प्रत्येक कण सतत ऊर्जा घेतो आणि घर्षणातून माध्यमाला उष्णता देतो. दाट भागात टक्कर झाली की वेग जातो आणि तो परत मिळायच्या आत पुढची टक्कर होते, म्हणून गतिज ऊर्जा कमी. ‘थंड’ म्हटलं की हे चटकन कळतं. तो शब्द का टाकायचा?

कणाद:
कारण तापमान एक नाही, दोन निघतात. सपाट पृष्ठभागावरचा एकटा कण घ्या. एक तापमान वेगाच्या वर्गाच्या सरासरीवरून, दुसरं दीर्घकाळच्या विसरणावरून, म्हणजे कण भटकत किती पसरतो यावरून. वेग विरायला लागणारा काळ आणि दिशा टिकण्याचा काळ सारखे असले, तर पहिल्यातला स्वयंप्रेरणेचा वाटा दुसऱ्यातल्या वाट्याच्या निम्माच भरतो. खरं कुठलं मानायचं?

शेखर:
दाबाचंही तेच. 2015 मध्ये सोलोन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा कणांच्या द्रवांत दाब सर्वसाधारणपणे भांड्याची भिंत कशी आहे यावरही ठरतो. मी तरी आधी उष्णतेचा हिशोब मांडेन, नावं नंतर.

मृदुला:
कणाद, तुमचंच गणित पुढे न्या. वेग विरायचा काळ दिशेच्या काळापेक्षा खूप मोठा केला की दोन्ही तापमानं जुळतात. म्हणजे जडत्व आपल्याला ऊष्मागतिकीच्या जवळ नेतं, दूर नाही.

कणाद:
एकट्या कणापुरतं मान्य. पण दाट-विरळ फाळणी व्हायला दिशा दीर्घकाळ टिकावी लागते आणि जडत्व फार वाढलं की ती फाळणीच नाहीशी होते. म्हणजे जिथे गरम-थंड असा भेद दिसतो, तिथेच तुमची दोन तापमानं जुळत नाहीत.