स्पेसर टाकायचा की मुळात बरोबर ऑफसेटचं व्हील घ्यायचं?

घाटमार्गी: स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि व्हीलच्या मध्ये टाकायची चकती, हे चुकीच्या व्हीलला लावलेलं ठिगळ, असं माझं मत झालंय. कारण सांगतो. मूळ रिम साडेपाच इंची, ऑफसेट म्हणजे ईटी ४५ मिमी. मी सेकंडहँड अलॉय घेतले सात इंची, ईटी ४८. "तीन मिलिमीटरने काय होतंय?" असं दुकानदार म्हणाला आणि मीही मान डोलावली. बसवल्यावर टायर आत सस्पेन्शनच्या नळकांड्याला घासायला लागला. मग त्यानेच १५ मिमीचे स्पेसर काढून दिले. घरी येऊन नट सोडला तर चार फेऱ्यांत हातात आला! पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी; म्हणजे नटाने जेमतेम ५ मिमी आटे धरलेले. असा मी ताम्हिणी उतरून आलो होतो.

लेथवाला: भाऊ, स्पेसरला शिव्या देण्याआधी हिशोब कर. ईटी म्हणजे हबला टेकणारा व्हीलचा चेहरा रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते. आकडा जितका मोठा तितकं चाक आत. रिमची अर्धी रुंदी अधिक ईटी, ही झाली आतली बाजू. तुझी जुनी ७० अधिक ४५, म्हणजे ११५. नवी ८९ अधिक ४८, १३७. चाकाची आतली कड २२ मिमी आत गेली, ३ नव्हे. रुंदी विसरलास तू, आणि दुकानदारही.

घाटमार्गी: मान्य. पण मग २२ मिमी आत गेलेली कड स्पेसरने बाहेर ओढायची की चाक परत करायचं?

लेथवाला: ईटी ४५ च्या व्हीलमागे २० चा स्पेसर टाकला काय किंवा त्याच रुंदीचं थेट ईटी २५ चं व्हील घेतलं काय, बेअरिंगवरचा ताण जवळपास तोच. बेअरिंगला काय माहीत मध्ये पत्रा आहे का ते? पोर्शेने स्वतः काही ९११ गाड्यांना ५ मिमीचे स्पेसर दिलेत. त्यांना अक्कल नाही असं म्हणशील?

दोन_नंबर_गिअर: पोर्शेने सोबत लांब बोल्टही दिले हो. आपल्याकडे स्पेसर देतात आणि स्टड (हबमधला आट्यांचा दांडा, ज्यावर नट चढतो) तोच ठेवतात, भांडण तिथे आहे. निदान स्टडच्या जाडीइतके आटे नटात जायला हवेत. १२ मिमीचा स्टड, पिच १.२५, तर साधारण साडेनऊ फेऱ्या. चाक बसवताना स्वतः मोजा, फिटर मोजत नाही.

आणि लेथवाल्यांच्या हिशोबात एक गोष्ट राहिली. चाक बाहेर गेलं की ते जमिनीला टेकतं ती जागा आणि स्टिअरिंगचा अक्ष (चाक वळताना ज्याभोवती फिरतं ती रेषा) यांतलं अंतर बदलतं. एक चाक खडीवर, एक डांबरावर, त्यात ब्रेक दाबलात की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. हे स्पेसरनेही होतं, कमी ऑफसेटच्या व्हीलनेही.

लेथवाला: हेच तर म्हणतोय. दोष ऑफसेट बदलण्याचा आहे, स्पेसर बिचारा बदनाम. १५ मिमीला लांब स्टड, नाहीतर जाड, स्वतःचे स्टड असलेला स्पेसर. मात्र त्यात गाडीचा मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावला, तर व्हीलमागे तेवढी पोकळी हवी. नसेल तर चाक सपाट टेकतच नाही.

घाटमार्गी: आणि मधलं भोक? माझ्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमी, अलॉयचं भोक ६७.१. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. दोनदा बॅलन्सिंग केलं, पैसे पाण्यात.

दोन_नंबर_गिअर: हब रिंग लावा, म्हणजे भोक आणि हबमधली फट भरणारी कडी. स्पेसर हबचा उंचवटा गिळतो, म्हणून स्पेसरलाही स्वतःचा उंचवटा हवा, त्यावर ती रिंग. सपाट चकती असेल तर चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर पडतं.

हौशी_मावळा: एवढं कोण बघतं? चाक मडगार्डच्या रेषेत आलं की गाडी काय दिसते! मी दोन वर्षं २५ चे वापरतोय, काही झालं नाही.

दोन_नंबर_गिअर: मागे चार माणसं आणि डिकीत सामान घालून खड्ड्यातून न्या एकदा. टायर मडगार्डची कड घेतो की नाही ते कळेल. चिखलाचा सडा दारावर येतो तो वेगळाच.

घाटमार्गी: माझं ठरलं. अलॉय विकतोय, ऑफसेट आणि भोकाचं माप जाहिरातीत लिहून. मूळ स्टीलची चाकं आज परत चढवली. नट मोजून दहाच्या वर फेऱ्या गेला.

लेथवाला: चढवलीस ते ठीक, पण शंभरेक किलोमीटरनंतर पाना लावून बघ एकदा. आणि ते स्पेसर फेकू नकोस, भोकाचं माप कळव, कुणाला तरी बसतील.

घाटमार्गी: लांब स्टड घेणाऱ्यालाच देईन.