मदत हवी आहे: आक्षेपात अडकलेल्या ट्रेडमार्क अर्जावर माद्रिद (एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवायची आंतरराष्ट्रीय पद्धत) करावं का?

कार्टून पात्राचं नाव, फक्त शब्द, लोगो नाही. क्लास 25 (कपडे) आणि 41 (मनोरंजन). मूळ अर्जाला साडेचार महिने झाले, म्हणजे सहा महिन्यांच्या प्रायॉरिटीतला (परदेशातल्या अर्जालाही मूळ अर्जाचीच तारीख मिळण्याची मुदत) दीडच महिना उरलाय. 41 ला अडचण नाही. 25 मध्ये मात्र आधीची एक नोंदणी आडवी आलीय: स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक, उच्चार तोच. त्यामुळे लोगो जोडूनही फारसं साधणार नाही. आक्षेपाला उत्तर दाखल केलंय, त्या नोंदणीच्या मालकाने संमतिपत्र नाकारलं. मालिका सुरू आहे, नाव बदलता येणार नाही.

माद्रिद नोंदणी पाच वर्षं मूळ अर्जाला बांधलेली. तो पडला तर तीन महिन्यांत त्या-त्या देशातल्या थेट अर्जात रूपांतर करता येतं, पण खर्च पुन्हा. देश तीनच हवेत, तिन्ही सदस्य आहेत.

41 माद्रिदमधून आणि 25 थेट त्या देशांत, अशी फोड केली तर दोन्हीकडे मूळ तारखेची प्रायॉरिटी मिळते का?