दारात आठवणारे प्रश्न : दातांच्या दवाखान्यातले तुमचे अनुभव लिहा

तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. पेशंट खुर्चीत बसला की तोंड उघडं, त्यामुळे बोलणं बंद. काम संपतं, तो चूळ भरतो, पैसे देतो, चपला घालतो आणि मग दारातून मागे वळून विचारतो, "डॉक्टर, वरची दाढ काढली तर डोळ्याला काही होत नाही ना?" त्या एका शंकेपायी कित्येकांनी दाढ महिनोन् महिने ठणकत ठेवलेली असते. म्हणून हा धागा. दात, हिरड्या, कवळी, लहान मुलांचे दात, काहीही चालेल. काय झालं, काय विचारावंसं वाटलं, काय कळलं ते लिहा. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं नकोत, अनुभव चांगला असो की वाईट. एकमेकांना गोळ्याही सुचवू नका.

डोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेला तीन फांद्या आहेत. एक कपाळ आणि डोळ्याच्या भागाकडे जाते, दुसरी वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या. म्हणून वरची दाढ दुखली की डोळ्यामागे ठणकतं. पण ज्या नसेने आपल्याला दिसतं ती पूर्णपणे वेगळी आहे, दात काढताना तिला धक्का लागत नाही. धोका आहे तो किडकी दाढ तशीच ठेवण्यात. वरच्या दातातला पू क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढतो.

आता तुम्ही लिहा.

पुणे, निवृत्त बँक कर्मचारी

आमच्या घरात ठाम समजूत होती की मशीन लावून दात साफ केले की ते हलायला लागतात. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा गेलो. डॉक्टरांनी आरसा धरून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला साठलेला पिवळट थर दाखवला. नखाने खरवडला तरी निघेना, इतका कडक. सफाईनंतर जिभेला दातांमध्ये फटी लागायला लागल्या, थंड पाणी शिवशिवायला लागलं. घरच्यांनी लगेच "बघा, सांगत होतो" म्हटलं. शिवशिवणं आठवड्याभरात थांबलं, फटी मात्र आहेत. त्या मशीनमुळे पडल्या का?

*— नाही काका. फटी आधीपासूनच होत्या, त्या थराने बुजल्या होत्या. खालच्या पुढच्या दातांमागे लाळेच्या ग्रंथी उघडतात, लाळेतलं कॅल्शियम दातांवरच्या चिकट थरात बसून त्याचा दगड होतो. त्याच्या आडोशाला जंतू हिरडी सुजवतात आणि आतलं हाड झिजवतात. झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही. थर काढला की झालेली झीज उघडी दिसते. रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश फिरवायचं टाळू नका. मऊ ब्रशने तिथेच नीट घासायचं.*

नागपूर, क्रीडाशिक्षक

शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा सराव चालू होता. चेंडू उसळून सातवीतल्या एका मुलाच्या तोंडावर आला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर पडला. पोरं घाबरून त्याच्या ओठाचं रक्त पुसत होती, दात कुठे आहे हे कोणी बघत नव्हतं. प्रथमोपचाराच्या शिबिरात ऐकलेलं डोक्यात होतं, म्हणून दोन मुलांना गवतात दात शोधायला लावलं. सापडला. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने धरला, माती गेली एवढंच पाणी ओतलं, चोळला नाही. चहावाल्याकडून दुधाची पिशवी घेतली, पेल्यात दूध ओतून दात त्यात टाकला आणि ऑटोने थेट शासकीय दंत महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेलो. मुलाची आई तिथेच आली. "सर, आता हा दात परत लागतो का?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

लागला. शेजारच्या दातांना तारेने बांधून ठेवला. नंतर त्याचं रूट कॅनाल करावं लागलं, पण दात मुलाचाच आहे. त्या दिवसापासून खेळाच्या पेटीत स्वच्छ डबी ठेवतो आणि सरावाला निघताना जवळ दूध कुठे मिळेल ते बघून ठेवतो. प्रत्येक क्रीडाशिक्षकाला हे शिकवायलाच हवं.

*— सर, तुमचा प्रतिसाद प्रत्येक शाळेच्या फलकावर लागावा. मुळावर जिवंत पेशींचा पातळ पडदा असतो, दात हाडाला पुन्हा धरतो तो त्याच्या जोरावर. साध्या पाण्यात त्या पेशी फुटतात, दुधात बराच वेळ तग धरतात. अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम, तासाच्या आत नक्की पोचा. हे फक्त कायमच्या दाताला लागू आहे. दुधाचा दात परत बसवायचा नाही, त्याच्या वर हाडात घडत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते.*

यवतमाळ जिल्हा, शिक्षिका

माझ्या दातांवर तपकिरी डाग आणि खडूसारखे पांढरे पट्टे आहेत. माझ्याच नाही, आमच्या वस्तीतल्या माझ्या वयाच्या सगळ्यांच्याच. लहानपणी बोअरचं पाणी प्यायलो, त्यात फ्लोराईड जास्त होतं. पाहुणे बघायला आले तेव्हा मुलाच्या मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, "तंबाखू खाते का पोरगी?" मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. तेव्हापासून हसताना ओठांवर हात जायचा. शिकवायला लागल्यावर वर्गातल्या मुलींचा हात तसाच जाताना बघितला आणि ठरवलं की याबद्दल मोठ्याने बोलायचं.

पालकसभेत मी सांगते की हे डाग अस्वच्छतेचे नाहीत. मुलगी दात घासत नाही म्हणून तिला मारू नका. गावातल्या कोणत्या पाण्यात किती फ्लोराईड आहे ते तपासून घ्या आणि लहान मुलांना कमी फ्लोराईडचंच पाणी द्या.

माझा प्रश्न : टूथपेस्टमध्येही फ्लोराईड असतं म्हणतात. मग आमच्याकडच्या मुलांनी ती वापरायची का?

*— ताई, दात हाडाच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पोटात जास्त फ्लोराईड गेलं तरच असे डाग पडतात. मोठेपणी तुमच्या गावी राहायला आलेल्या माणसाच्या दातांवर ते येणार नाहीत. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक विहिरी-बोअर याच्या वर जातात. पेस्टमधलं फ्लोराईड दातावर वरून काम करतं आणि कीड रोखतं, ते गिळायचं नसतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, आणि घासताना मोठं माणूस शेजारी हवं. जास्त फ्लोराईडच्या गावात लहानग्यांसाठी तिथल्या डॉक्टरांना विचारूनच पेस्ट ठरवा. तुमच्या डागांवरही उपाय आहेत. फिकट डाग वरचा पातळ थर घासून कमी करता येतात, गडद असतील तर दातावर पातळ आवरण बसवतात. तंबाखूचा प्रश्न विचारणाऱ्यांना हा प्रतिसाद वाचायला द्या.*

सातारा जिल्हा, आशा सेविका

आमच्याकडे मशेरीबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती व्यसनात धरतच नाहीत. तव्यावर तंबाखू भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा. सकाळी उठल्यावर एकदा, जेवल्यावर एकदा, काम करून डोकं जड झालं की एकदा. "पोट साफ होतं", "दाढ दुखायची थांबते" असं सांगतात. गरोदर बायकाही लावतात आणि मग बाळ कमी वजनाचं का झालं म्हणून विचारतात.

"मशेरी सोडा" असं सुरुवातीलाच म्हटलं तर पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. मी बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन जाते. "मावशी, आ करा, तुमचं तुम्हीच बघा." ओठ आणि हिरडीच्या मधे जिथे मशेरी दाबून ठेवतात तिथली कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की मग बोलणं सुरू होतं. एका मावशींना गालात चट्टा होता, तिखट लागलं की भाजायचं. त्यांना घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकतो असं सांगितलं. त्यांनी मशेरी सोडली. सोपं गेलं नाही. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, सुनेशी भांडणं झाली. मी रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. आता त्याच वाडीतल्या बाकीच्यांना आरसा दाखवतात.

*— दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम आणि पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा लगेच दाखवा, दुखत नसला तरी. सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक मोफत आहे. तुमच्या कामाला मनापासून नमस्कार.*

छत्रपती संभाजीनगर

भाऊ ट्रक चालवतो. रात्री झोप येऊ नये म्हणून सुपारीच्या पुड्या खातो. तंबाखू नाही, फक्त सुपारी, म्हणून आम्ही निर्धास्त. आता त्याला वडापाव नीट चावता येत नाही, तोंडच तेवढं उघडत नाही.

*— त्यांना स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घालून बघायला सांगा. जात नसतील तर ताबडतोब दाखवा. नुसत्या सुपारीनेही गालाच्या आत कडक पट्टे तयार होतात आणि त्या जागी पुढे कॅन्सरचा धोका असतो. पुडी आजच बंद. उघडण्याचे व्यायाम आणि औषधं यांनी काही प्रमाणात फरक पडतो, पण पट्टे पूर्ण जात नाहीत, म्हणून तपासणी कायम चालू ठेवायची.*

ठाणे

मुलगी सहा वर्षांची. दुधाची दाढ किडली तर डॉक्टर तिच्यातली नस साफ करून कॅप बसवू म्हणाले. पडणारच आहे तर एवढा खर्च कशाला, असं सासूबाईंचं म्हणणं. मलाही तेच वाटत होतं, पण मुलगी रात्री रडत उठायची, म्हणून करून घेतलं. आता शांत झोपते.

*— दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तोवर तिने जेवायचं कसं? शिवाय दाढ लवकर काढली की बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा दात वाकडा येतो. आणि एक, आजच तिच्या तोंडात सगळ्यात मागे बघा. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून पालकांना ती दुधाचीच वाटते आणि दुर्लक्ष होतं. जन्मभर चावायचं ते तिच्यावरच.*

कोल्हापूर जिल्हा

आमच्या आबांना साखरेचा त्रास आहे आणि रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. दाढ चांगली ठणकत होती, लवंग धरून धरून एक दिवस ठणका बंद झाला. आबा खूष. थोड्याच दिवसांत जबड्याखाली सूज आली, ताप आला, थुंकी गिळवेना. दवाखान्यात दाखल करायला लागलं. साखरही भरमसाट वाढली होती. पू काढला, दाढ काढली, मग साखर खाली आली. गोळी बंद करायची का, हे आम्हाला दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं सांगितलं.

*— ठणका थांबला तो दाताची नस मेली म्हणून, जंतू मुळाच्या टोकाशी तसेच राहिले. जबड्याखाली सूज आणि सोबत गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर रात्र असो की पहाट, मोठ्या दवाखान्यात जायचं. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही, दोन्हीकडे एकदम बघावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका. बहुतेक वेळा ती चालू ठेवून, टाका घालून आणि बोळा दाबून दात काढता येतो. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मात्र घेऊन या. हाडं ठिसूळ झाली म्हणून काही इंजेक्शन किंवा गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा.*

बेळगाव

पाचवा महिना चालू आहे. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं. बाळंतपणापर्यंत थांबू?

*— थांबू नका. संप्रेरकांमुळे या दिवसांत हिरड्या लवकर सुजतात. चौथा ते सहावा महिना दातांच्या उपचारांना सगळ्यात सोयीचा. सफाई करून घ्या, गरोदर आहात हे आधी सांगा.*

न्यू जर्सी

इथे दातांचा विमा वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतच, म्हणून आम्ही सुट्टीत भारतात येऊन कामं उरकतो. रूट कॅनाल आणि कॅप तीन आठवड्यांत आरामात झाली. इम्प्लांट मात्र त्या वेळात होईना. स्क्रू हाडात धरायला काही महिने लागतात, वरचा दात नंतर बसतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं ते बरं झालं. येणाऱ्यांनी एक्स-रे सोबत आणा आणि उपचारांचा लेखी तपशील, स्क्रूची कंपनी आणि माप यांसह, परत घेऊन जा.

अलिबाग

आईची कवळी मधोमध तुटली. ती घरीच गोंदाने चिकटवून वापरते, रात्रीही काढत नाही. तोंडात लाल झालंय.

*— तो गोंद तोंडासाठी नसतो, आणि तुकडे केसभर जरी सरकून चिकटले तरी कवळी हिरडीला कापते. दोन्ही तुकडे जसेच्या तसे घेऊन या, प्रयोगशाळेत जोडून मिळते. दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजतं, त्यामुळे जुनी कवळी सैल होऊन हलते आणि तुटते, कदाचित नवीनच लागेल. रात्री कवळी काढून, मऊ ब्रशने धुऊन पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात नाही. लाल झालेलं बहुधा बुरशीमुळे आहे, त्याला औषध आहे. आईंना याच आठवड्यात दाखवा.*