गौरीच्या स्वयंपाकाची वाटणी

गौरी-गणपतीत मोठ्या घरातल्या सुनांचा सण ओट्यापुढेच सरतो, असं म्हणतात, ते मला अगदी पटतं. सदाशिव पेठेत आम्ही काका-काकू, चुलत भावंडं सगळे एकत्र राहतो. धाकट्या काकूने कामं सरळ वाटून दिली, तेव्हापासून फरक पडला.

ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, म्हणजे पुरणपोळी आणि सोळा भाज्या. पुरण वाटणं पुरुषांकडे. डाळ शिजली की कट आमटीला काढायचा, गूळ घालून आटवायचं आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून फिरवायचं. निवलं की दंड भरून येतात. आघाडा, दुर्वा, केवडा आणायला मुलं पहाटेच मंडईत जातात. नंतर लक्ष्मी रस्त्यावरून गाडी काढणं कठीण.

सवाष्णी जेवल्या की पुढची पंगत स्वयंपाक करणाऱ्यांची, वाढतो आम्ही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गार पोळी घेऊन सगळ्यांच्या शेवटी जेवणारी आई मी लहानपणी पाहिली आहे. तशी पाळी कुणावरच येऊ नये.

तुम्ही वाटणी केलीत तर मूळ नक्षत्रावरच्या विसर्जनानंतरची आवराआवरही धरा. समया, पितळी पातेली घासणं, गौरींचे मुखवटे आणि साड्या नीट ठेवणं, हे काम हमखास एकटीवर पडतं.