शेकोटीभोवतीच्या लाकडी कोरीवकामाला काय म्हणावं?

पागोळी: लंडनच्या अठराव्या शतकातल्या घरांवरचा लेख मराठीत आणतेय. फायरप्लेसच्या भोवती दोन उभे खांब, वर नक्षीची पट्टी, तिच्यावर फळी असं जे लाकडी काम असतं, त्याला मी ‘महिरप’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘चौकट’ केलं. वर ‘जॉर्जियन’चं ‘जॉर्जिया देशातील’ केलं! अहो, ब्रिटनचे चार जॉर्ज राजे, १७१४ ते १८३०, त्यांच्या काळातलं ते जॉर्जियन.

कोनाडा: देशाचं सोडा, पण चौकट बरोबर आहे. महिरपीला कमान लागते. या शेकोट्यांची तोंडं बहुतेक काटकोनी.

टिपकागद: चौकट म्हटलं की दार दिसतं. पट्टीवर कलश, फुलांच्या माळा, मेंढ्यांची मुंडकी असतात. प्रभावळ म्हणा!

कोनाडा: प्रभावळ देवाच्या मागे असते. इथे मागे धुराडं.

जुनाबाजार: मखर. इंग्लंडात जुन्या घरातून उचकटून विकतात, दुसऱ्या घरात बसवतात. आपलंही मखर दरवर्षी माळ्यावरून खाली येतंच की.

व्युत्पन्न: महिरप मूळची अरबी, मिहराब. मराठीत ‘अग्निवेष्टन’ सहज होईल.

टिपकागद: विम्याच्या अर्जातला रकाना वाटतो. आणि ‘सहज’सुद्धा संस्कृतच, तो बरा चालतो तुम्हाला!

बाथची_मावशी: मी इथेच, इंग्लंडातल्या बाथ शहरात राहते. आधी ‘कोरीव’ तपासा. शतकाच्या उत्तरार्धात, अ‍ॅडम या वास्तुकार बंधूंच्या काळात, पुष्कळशी नक्षी कोरलेली नसायचीच. चॉकची भुकटी, सरस, राळ आणि जवसाचं तेल यांचा लगदा लाकडी साच्यात दाबायचा, निघालेली माळ पाइनच्या फळीवर चिकटवायची आणि सगळ्यावर रंग फासायचा. हल्ली लोक रंग खरवडून ‘अस्सल लाकूड’ म्हणून मिरवतात. पाइन उघडं ठेवायची तेव्हा रीतच नव्हती. खरवडताना नक्षीही जाते ती वेगळीच. आणि लाकूड थेट आगीला लागत नाही, मध्ये संगमरवराची किंवा दगडाची पट्टी असते. तिला काय म्हणणार?

पागोळी: मावशी, ‘ठशाची नक्षी’ चालेल? लेख उद्या द्यायचाय.

कोनाडा: मुळात ‘शेकोटी’च चूक. ती अंगणात, पाचोळ्याची. घरातली ती आगटी.

जुनाबाजार: आमच्याकडे आगटी म्हणजे बाहेर पेटवलेलीच. महाबळेश्वरच्या बंगल्यात आजोबा सरळ ‘धुराडं पेटव’ म्हणायचे.

व्युत्पन्न: धुराडं पेटत नाही, धुराड्यातून धूर जातो.

जुनाबाजार: आजोबांना सांगा!