रोजची मिस्सा सुरू केली आणि घरातला आवाज वाढला

गिरीजची_सून

फादरांना विचारायला लाज वाटते, म्हणून इथे विचारते.

राखेच्या बुधवारी मी ठरवलं, यंदाचा ईस्टरआधीचा उपवासकाळ नुसता मटण-मासे सोडून काढायचा नाही. रोज सकाळी चर्चमध्ये सहाची मिस्सा (उपासना) आणि रात्री अख्खी रोझरी (मारियामातेची जपमाळ). मी अंधेरीला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, त्यामुळे आठच्या आत वसई स्टेशन गाठावं लागतं. घरी नवरा (शिफ्टची नोकरी), मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत आणि सासूबाई. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवा हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, सकाळची पेज भरवावी लागते.

तीन आठवडे जमलं. म्हणजे मिस्सा जमली, बाकी सगळं विस्कटलं. पाचच्या आत उठून कुकर लावायचा, चर्चला पळायचं, पावणेसातला परत. मग पेज, दोन डबे, मुलाचे न सापडणारे मोजे. एका सकाळी मी घाईघाईत चमचा पुढे करत होते, सासूबाईंनी मान वळवली आणि वाटी कलंडली. चादर, गाऊन, उशी, सगळीकडे पेज. मी काय बोलले ते लिहीत नाही. त्या काही बोलल्या नाहीत, डाव्या हाताने चादर पुसत राहिल्या. मिस्सात कम्युनियन (पवित्र भाकर) घेऊन मला पाऊण तासही झाला नव्हता.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "मम्मी, तू चर्चला जाऊन आलीस ना, की जास्त ओरडतेस."

आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात नागासाकीला श्रद्धेपायी क्रुसावर गेला, आणि मी पेजेच्या वाटीपुढे हरले. संत होण्याची गोष्ट आमच्यासारख्या प्रापंचिकांसाठी आहे तरी का? की रविवारी मिस्साला जायचं, कुणाचं वाईट करायचं नाही, एवढ्यावर भागवायचं? रोजची मिस्सा सोडावी तर माघार घेतल्यासारखी वाटते. आणि कृपा करून "सगळं येशूवर सोपव" एवढंच लिहू नका. ते मला येतं.

जुना_मास्तर

पोरी, मी तीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलं, त्यामुळे थोडं लांबण लावीन. सोसून घे.

आधी साधा मुद्दा. रविवारची आणि बंधनकारक सणांची मिस्सा चुकवायची नाही. रोजची मिस्सा फार मोठी देणगी आहे, पण ती बंधन नाही. त्यामुळे ती सोडलीस तर पाप लागेल ही भीती मनातून काढ.

आता तुझा खरा प्रश्न. संतपण फादर-सिस्टरांचं, आपण त्यांच्या प्रार्थनेवर तरायचं, असं आमच्या लहानपणी सर्रास समजलं जायचं. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात एक अख्खं प्रकरण यावर घातलं: पावित्र्याचं बोलावणं सर्वांना आहे, ज्याला त्याला त्याच्या त्याच्या कामात. पण हे काही तेव्हाच सुचलेलं नव्हे. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ मध्येच लिहून ठेवलंय की बिशपने मठातल्या एकांतवासी संन्याशासारखं राहायचं म्हटलं, किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद होईल. आपल्या कामाशी भांडणारी भक्ती त्यांना खोटी वाटायची. तुझी सहाची मिस्सा तुझ्या पावणेसातशी भांडत होती.

आणि गोन्सालो गार्सियाचं म्हणशील, तर तो फादर नव्हता. आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि जपानात बाकीच्यांचा दुभाषा म्हणून राबला. ५ फेब्रुवारी १५९७ हा त्याचा शेवटचा दिवस. त्याआधीचे दिवस इतरांची वाक्यं इकडून तिकडे पोचवण्यात गेले असणार. ते कुणी चित्रात काढत नाही.

माझी आई पहाटेच्या गाडीने दादरला मोगरा न्यायची. आठवड्यातले सहा दिवस तिला चर्चची घंटासुद्धा ऐकू यायची नाही, कारण त्या वेळी ती बोरिवलीच्या पुढे असायची. फुलांवर ओलं फडकं टाकतात, त्यात पाणी जास्त ठेवलं की वजन वाढतं. आई तागडीत टाकण्याआधी फुलं झटकायची. बरोबरच्या बायका हसायच्या. धर्मशिक्षणाच्या पुस्तकातलं मी बरंच विसरलोय, ते झटकणं विसरलेलो नाही.

रात्रपाळी

मास्तरांचं सगळं मान्य, पण मी नर्स आहे आणि मला या गोष्टीत वेगळंच दिसतंय. ताई, तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये नवरा एका कंसात आहे. शिफ्टची नोकरी, बस. सकाळी घरी असतो तेव्हा आईला पेज कोण भरवतं?

आपल्याकडे बाईने सोसलं की तिला लगेच देवमाणूस ठरवतात, म्हणजे मग कुणाला उठायला नको. हे मी वॉर्डात रोज बघते. पेशंटचे तीन मुलगे कॉरिडॉरमध्ये फोनवर, आणि सून बेडपॅन धुतेय. तुमची चिडचिड हा सगळा स्वभावदोष नाही, त्यात निम्मी अपुरी झोप आहे.

संतच हवे असतील तर फ्रान्समधल्या लिस्यूच्या संत तेरेझाचे आईवडील घ्या, झेली आणि लुई मार्टिन. २०१५ मध्ये दोघांना एकत्र संत घोषित केलं. झेलीचा लेस विणवून घेण्याचा धंदा होता, हाताखाली बायका होत्या, घरात मुली. तिची दोनशेवर पत्रं शिल्लक आहेत आणि त्यांत ती दमल्याचं, धंद्याच्या कटकटीचं मोकळेपणाने लिहिते. लुईचं घड्याळांचं दुकान होतं. ते त्याने १८७० मध्ये भाच्याला विकलं आणि बायकोच्या धंद्यात मदतीला लागला. हे तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा.

बाकी, वाटीखाली ओलं फडकं ठेवा, सरकत नाही. पसरट वाटीऐवजी उभ्या काठाची घ्या. त्यांना ताठ बसवा, आणि जाड दांड्याचा चमचा डाव्या हातात देऊन बघा, जमेल तेवढं त्यांचं त्यांना खाऊ दे. पेज पातळ ठेवू नका, लकव्यानंतर पातळ पदार्थाने ठसका लागतो. गिळताना त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. घाईत भरवलं की माणूस मान फिरवतोच, मीही फिरवीन.

क्रुसाचा_सैनिक

सैतान नेमका असाच येतो. आधी म्हणतो, रोजची मिस्सा बंधन नाही. मग म्हणतो, रविवारीही घरीच प्रार्थना करा. ताई, मिस्सा सोडू नका. चारला उठा.

रात्रपाळी

दादा, चारला उठून तुम्ही या त्यांच्याकडे पेज करायला.

हरेगावकर

भांडू नका राव. मी श्रीरामपूर तालुक्यातला, हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेतल्या गर्दीत वाढलेला. गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. मास्तरांसारखं वाचन नाही, पण लहानपणी आमच्याकडे येणाऱ्या जेज्विट फादरांनी एक सवय लावली ती सांगतो. त्यांच्या संघाच्या संस्थापकाने, संत इग्नेशियसने सांगितलंय, दुपारी आणि रात्री थांबून आपला दिवस तपासायचा. देवाचे आभार कशासाठी, कुठे घसरलो, पुढे काय करायचं. पाच मिनिटं पुरतात. दुपारचं मी डबा उघडायच्या आधी करतो, म्हणून ते लांबत नाही.

त्यातूनच मला माझी एक गोष्ट सापडली. पूर्वी ज्या गॅरेजात होतो तिथे जुना पार्ट डिझेलने धुऊन बसवायचा आणि बिल नव्याचं लावायचं, अशी रीत होती. मी तीन वर्षं केलं ते. रोझरी तेव्हाही रोज म्हणत होतो बरं का! दुपारच्या त्या पाच मिनिटांत "कुठे घसरलो" म्हटलं की तोच पार्ट डोळ्यांपुढे यायचा. डबा गोड लागेना. शेवटी फादरांपुढे पापनिवेदन केलं आणि मग जागा बदलली. पगार दोन हजारांनी कमी झाला, बायको आठवडाभर बोलली नाही.

आणि त्या लिस्यूच्या संत तेरेझाचं म्हणाल तर, प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक सिस्टर सारखा कसला तरी बारीक आवाज करायची. तेरेझाला इतकं असह्य व्हायचं की घाम फुटायचा. वळून एकदा बघावं, असं वाटायचं. ती वळली नाही, तो आवाजच संगीत समजून ऐकत बसली. कार्मेलच्या मठात राहून हे हाल, तर तुमच्या घरी तिसरीतला मुलगा आहे.

गिरीजची_सून

सगळ्यांचे आभार, सैनिकदादांचेही.

रात्रपाळी, तुमचा कंस मी नवऱ्याला दाखवला. आधी तो गप्प बसला, मग म्हणाला, "मला आईला भरवायची भीती वाटते, ती ठसकली की माझे हातपाय गळतात." सोळा वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. आता त्याची दुपारपाळी असेल त्या आठवड्यात सकाळची पेज त्याच्याकडे. सासूबाई मुलाच्या हातून दुप्पट खातात, याचा मला थोडा रागही येतो. मिस्सा मी त्या आठवड्यांत बुधवारी आणि शनिवारी ठेवली आहे.

सासूबाईंची माफी मागितली. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. "गरम होती," म्हणाल्या. पेज गरम होती म्हणून त्यांनी मान वळवली होती.

रोझरी आता त्यांच्या खोलीत होते. मारियेच्या प्रार्थनेतलं "पवित्र मारिये"पासून पुढचं त्यांना म्हणायचं असतं आणि त्यांचं होईपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे रोझरीच्या पाच रहस्यांना (पाच भागांना) पाऊण तास जातो. मुलगा मधेच झोपतो. हरेगावकरभाऊ, तुमची पाच मिनिटं मी परतीच्या गाडीत घेते. भाईंदरची खाडी आली की सुरू, नायगावला संपवायचं. बसायला मिळालं नसेल तर उभ्यानेच.

काल वाटी परत कलंडली. फडकं ठेवायला विसरले होते. बोलले, पण कमी बोलले. मुलगी दारातून म्हणाली, "आज तर चर्चला गेलीच नव्हतीस?"