रेशीला शिंगं फुटली, टोपी धरत नाही

भुसेवाली:
नमस्कार मंडळी. रेशीच्या, म्हणजे त्या औषधी अळिंबीच्या (मशरूमच्या), पिशव्या लावल्यात. लाकडाचा भुसा, त्यात गव्हाचा कोंडा, प्रेशरखाली निर्जंतुक केलेला. बुरशीचं जाळं भरभर पसरलं, वर चिवट तपकिरी सालपट धरलं. पिशवीचं तोंड उघडल्यावर कोंबही आले. पण ते नुसते लांबताहेत, फांद्या फुटून शिंगं झालीत. टोपी एकालाही नाही. ओल टिकावी म्हणून प्लास्टिकचा तंबू केलाय. आत आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, तापमान २६-२७ अंश. कुणी म्हणतं कोंडा कमी पडला, कुणी म्हणतं स्पॉन (अळिंबीचं बियाणं) जुना. नक्की काय बदलू?

ओलीकड:
ताई, कोंड्याला आणि स्पॉनला हात लावू नका. जाळं भरभर पसरलं म्हणजे दोन्ही ठीक आहेत. तापमानही रेशीला हवं तसंच आहे. तुमच्या तंबूत कोंडलीय ती हवा.

रेशी वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत तो साधारण ०.०४ टक्के असतो. बंद तंबूत ०.१ टक्क्याच्या वर गेला की टोपी पसरायची थांबते आणि देठ लांबत राहतो. कुजक्या बुंध्याच्या खबदाडीत उगवलेल्या कोंबाला आधी मोकळ्यावर यायचं असतं, टोपीचं नंतर. तुमच्या पिशव्या तेच करताहेत. जाळं पसरत असताना हा वायू साठला तरी चालतो, म्हणून तोवर तुम्हाला काहीच खटकलं नाही.

आता लगेच तंबू काढून टाकाल, तर तेही नको. कोरड्या हवेचा झोत लागला की शेंड्याचा पांढरा, मऊ भाग तपकिरी होऊन घट्ट होतो आणि तिथली वाढ संपते. तंबूला खाली-वर भोकं पाडा, दिवसातून बऱ्याच वेळा थोडी थोडी हवा खेळवा आणि प्रत्येक वेळी बारीक धुकं सोडा. थेंब मात्र शेंड्यावर साचू देऊ नका. टोप्या पसरायला लागल्या की आर्द्रता ८५ पर्यंत उतरली तरी बिघडत नाही. मी मीटरपेक्षा ती पांढरी कड जास्त बघतो. कड रुंद, ओलसर, पिवळट-पांढरी असेल तर सगळं जागेवर आहे. ती बारीक होत चालली की हवा कोरडी पडतेय, किंवा टोपी पिकत आलीय.

उजेडाचं तुम्ही लिहिलंच नाहीत. अंधारात टोपी नीट धरत नाही. थेट ऊन नको, पण आत छापलेला मजकूर सहज वाचता यावा एवढा उजेड हवा. शिवाय कोंब उजेडाकडे वळतात, तेव्हा तो एकाच कोपऱ्यातून येऊ देऊ नका. आणि पिशव्या फिरवू नका! टोपीची छिद्रांची बाजू जमिनीकडेच राहायला बघते. मधेच पिशवी उलटीपालटी केली की टोपी वेडीवाकडी होते.

भुसेवाली:
उजेड खरंच कमी आहे, तंबू भिंतीच्या कोपऱ्यात आहे. या शिंगांना आता टोप्या येतील का?

ओलीकड:
शेंडे पांढरे आणि मऊ आहेत तोवर येतील. ताजी हवा मिळाली की शेंडा आधी चपटा होतो, मग एका बाजूला पसरतो. जे पूर्ण तपकिरी झालेत त्यांची आशा सोडा. ते वाया जात नाहीत. काही जण मुद्दाम वायू कोंडून शिंगंच पिकवतात. ती वाळवून काढ्याला वापरतात.

सावकाश:
पुढचं आत्ताच सांगून ठेवतो. कडेचा पांढरा पट्टा पूर्ण गेला आणि टोपीवर कोकोच्या रंगाची धूळ दिसायला लागली की ते बीजाणू. छोट्या खोलीत ते सगळीकडे बसतात आणि छातीला त्रास देतात. काढताना मास्क लावाच, दमा असणाऱ्याला आत येऊ देऊ नका. काढल्यावर लगेच काप करा. पूर्ण वाळल्यावर रेशी लाकूड होते, सुरी चालत नाही. ५० ते ६० अंशांवर, काप कडकन मोडेपर्यंत वाळवा आणि हवाबंद ठेवा.

घरात कुणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, किंवा कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा देऊ नका. घरची आहे म्हणून ती सौम्य होत नाही.

भुसेवाली:
तंबू खिडकीशी हलवतेय, भोकंही पाडते. पिशव्या नेताना तोंडाची दिशा तीच ठेवू ना?

ओलीकड:
हो, आडव्या असतील तर आडव्याच. खूण करून ठेवा.